चर्चमध्ये पहिल्यांदा जाताय? फोन करण्यापासून बाहेर पडेपर्यंत सगळं क्रमाने, नाशिककरांसाठी

नोव्हेंबर संपत आला की ओळखीतले लोक हमखास विचारतात, आम्हाला एकदा चर्चमध्ये यायचंय, चालतं का, आत सोडतात का, काय घालायचं, काय न्यायचं. चालतं. रविवारची उपासना सगळ्यांसाठी खुली असते, दारात कोणी जात धर्म विचारत नाही, तिकीट नाही, पास नाही. पण तरीही दरवर्षी त्याच त्याच चुका होताना दिसतात. लोक पहिल्यांदाच येतात ते थेट नाताळच्या रात्री, प्रसाद समजून रांगेत उभे राहतात, आणि वेदीसमोर, म्हणजे पुढच्या पवित्र टेबलासमोर, जाऊन मोबाईल वर धरून शूटिंग करतात. यातलं काहीच वाईट हेतूने होत नाही, देवळात जशी सवय असते तसंच माणूस इथेही वागतो, आणि कोणी आधी सांगितलेलंच नसतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या की पुढचं सगळं अंदाजाने करावं लागतं.

१. कोणतं चर्च, ते आधी ठरवा

बहुतेक जण हेच करत नाहीत. चर्च म्हणजे चर्च, सगळीकडे सारखंच असेल असं धरून निघतात. तसं नाहीये. आत काय होणार, किती वेळ लागणार, कधी उभं राहायचं, गाणी कशी असणार हे सगळं चर्च कोणाचं आहे त्यावर ठरतं. नाशिकमध्ये ढोबळमानाने तीन प्रकार भेटतील.

पहिला कॅथलिक. त्र्यंबक नाक्याचं होली क्रॉस, नाशिकरोडचं सेंट अॅन्स, नाशिक-पुणे रस्त्यावरचं बाळ येशू मंदिर ही त्यातली माहितीतली नावं. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग, १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. इथल्या उपासनेला मिस्सा म्हणतात, चालवणाऱ्यांना फादर म्हणायचं. मिस्साचा क्रम जगभर एकच आहे, त्यामुळे नवख्या माणसाला हे सगळ्यात सोपं जातं, काय होणार ते आधीच कळू शकतं. रविवारची मिस्सा साधारण तासाभराची, आठवड्यातली अर्ध्या तासात आटपते.

दुसरा प्रोटेस्टंट, म्हणजे मुख्यतः सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. शरणपूर रोडचं सेंट अँड्र्यूज यातलं. १९७० मध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झालं, म्हणून गावागावात थोडा थोडा फरक दिसतो. इथे पाळक किंवा रेव्हरंड असतात, लोक पाळकसाहेब म्हणतात. मराठी गीतं भरपूर, उपदेश लांब, दीड ते दोन तास धरून चला.

तिसरा प्रकार म्हणजे स्वतंत्र मंडळ्या, फेलोशिप, असेंब्ली वगैरे. हॉलमध्ये, शाळेत, कधी कोणाच्या घराच्या वरच्या मजल्यावरही भरतात. कीबोर्ड ड्रम असतात, लोक हात वर करून गातात, सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, काही जण रडतात. पास्टर बोलतात. दोन ते तीन तास लागू शकतात. ज्याने आयुष्यात कधी चर्च पाहिलं नाही त्याला इथे आधी दचकायला होतं, कारण डोक्यात शांत मेणबत्त्या आणि घंटा असं चित्र असतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी कॅथलिक मिस्सा किंवा सीएनआयची उपासना निवडा. एखाद्या मित्राने त्याच्या फेलोशिपला बोलावलं असेल तर मात्र तिकडेच जा, कारण सोबत ओळखीचं माणूस असणं हे बाकी सगळ्यापेक्षा मोठं आहे.

> चेक: चर्चचं नाव, प्रकार आणि पत्ता तीनही माहीत आहेत का? मॅपवर नुसतं चर्च टाकून जे जवळ दिसेल तिकडे निघू नका. सारखीच नावं असलेली चर्चेस आणि शाळा एकमेकांच्या शेजारी असतात, रिक्षावाले शाळेच्या गेटवर सोडतात आणि तुम्ही चुकीच्या दाराशी उभे राहता.

२. वेळ आणि भाषा फोनवर विचारा

वेळ नेटवर बघून जाऊ नका. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेळा बदलतात, सणाच्या आठवड्यात वेगळ्याच असतात, आणि नेटवर कोणी दोन वर्षांपूर्वी टाकलेली वेळ तशीच पडून असते. चर्चच्या गेटजवळ फलक असतो त्यावर लिहिलेलं असतं, किंवा ऑफिसला फोन करा. फोनवर एवढंच बोला: नमस्कार, मी ख्रिस्ती नाही, रविवारी उपासनेला यायचं आहे, मराठीतली किती वाजता असते? समोरचा माणूस आनंदाने सांगतो.

मराठी हा शब्द मुद्दाम म्हणा. मोठ्या कॅथलिक चर्चमध्ये एकाच रविवारी इंग्रजी आणि मराठी मिस्सा वेगवेगळ्या वेळी असतात, आणि न विचारता गेलात तर इंग्रजीत बसाल. इंग्रजी कळत असलं तरी पहिल्यांदा मराठीतच जा, कारण वाचनं आणि प्रार्थना कानावर पडताच समजल्या की अर्धं दडपण जातं. कॅथलिकांमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा ही रविवारचीच धरतात, ज्यांना रविवारी जमत नाही त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी मात्र शनिवारीच उपासना करतात, रविवारी त्यांचं दार बंद दिसेल.

कोणता दिवस टाळायचा तेही सांगतो. २४ डिसेंबरची रात्र, गुड फ्रायडे, आणि फेब्रुवारीतली बाळ येशूची यात्रा. या दिवशी येऊ नका असं नाही, पण पहिल्यांदा येऊ नका. नाताळच्या रात्री एवढी गर्दी असते की बसायला जागा नाही, पुढचं दिसत नाही, विचारायला कोणी मोकळं नाही, अनेक ठिकाणी मिस्सा बाहेर मैदानात असते आणि नाशिकची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीतच आहे. यात्रेला तर बाहेरगावहून, मुंबईहून भाविक येतात, पुणे रस्त्यावर वाहतूक तुंबते. एखादा साधा जुलैमधला किंवा सप्टेंबरमधला रविवार घ्या. निवांत बसता येईल.

> सावध: गुड फ्रायडेला कोणालाही हॅपी गुड फ्रायडे म्हणू नका, मेसेजही पाठवू नका. येशूच्या मरणाचा दिवस आहे तो. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही, दुपारी तीनच्या सुमारास वेगळी उपासना असते. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ईस्टरला.

३. जमलं तर आधी एकदा रिकामं चर्च बघून या

हे कोणी करत नाही पण सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, उपासना नसताना जा. कॅथलिक चर्च बऱ्याचदा उघडं असतं, कुलूप असेल तर ऑफिसात विचारा. मागच्या बाकावर पाच मिनिटं बसा. दार कुठे, चपला बाहेर काढतात की आत घालून जातात, गाडी कुठे लावायची, लहान मुलाला बाहेर न्यायचं तर कुठून निघायचं हे सगळं तेव्हाच बघून घ्या.

आत शिरताना दाराजवळ भिंतीला पाण्याचं छोटं भांडं दिसेल. ते तीर्थ नाही, प्यायचं नाही. कॅथलिक लोक त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात. तुम्ही नाही केलं तरी काही बिघडत नाही. पुढे वेदी, आणि जवळच एक छोटी बंद पेटी, तिच्याजवळ सतत जळणारा दिवा, बहुतेक लाल. त्या पेटीत पवित्र भाकर ठेवलेली असते, म्हणून कॅथलिक लोक समोरून जाताना एक गुडघा टेकतात. तुम्ही शांतपणे जा, एवढं पुरे. पायऱ्या चढून वेदीपर्यंत जायचं नाही, हात लावायचा नाही, प्रदक्षिणा घालायची नाही. बाजूला पडदा किंवा जाळी असलेला लाकडी कक्ष दिसेल तो पापनिवेदनाचा, त्यात जाऊन बसू नका.

४. आदल्या दिवशीची तयारी

कपडे. साधे, स्वच्छ, अंग झाकणारे. कोट टायची गरज नाही, साडी, ड्रेस, शर्ट पँट काहीही चालतं. शॉर्ट्स आणि स्लीव्हलेस टाळा. डोक्यावर पदर घेणं सक्तीचं नाही, काही मंडळ्यांमध्ये बायका घेतात, तिथे घेतलात तर त्यांना बरं वाटतं, नाही घेतलात तरी कोणी बोलत नाही. कुंकू, मंगळसूत्र, टिकली काढून ठेवायची अजिबात गरज नाही, बायका हे फार विचारतात म्हणून स्पष्ट लिहितोय.

सोवळं ओवळं नाही. मासिक पाळी चालू असेल तरी येता येतं, घरात सुतक असलं तरी येता येतं, आदल्या रात्री मटण खाल्लं असेल तरी काही नाही.

नारळ, हार, उदबत्ती, पेढे आणू नका. ठेवायला जागा नसते आणि मग दारातला स्वयंसेवक आणि तुम्ही दोघंही अवघडून उभे राहता. मेणबत्ती लावायची इच्छा असेल तर कॅथलिक चर्चच्या आवारात मरियेच्या पुतळ्यापाशी किंवा बाळ येशूला स्टँड असतो तिथे लावा, आत बाकाशी लावू नका. फूल वाहायचं तर तेही तिथेच.

सोबत काय घ्यायचं: थोडे सुटे पैसे, पाण्याची बाटली, हिवाळ्यात सकाळची वेळ असेल तर स्वेटर. लहान मूल असेल तर आवाज न करणारं खेळणं, कुरकुऱ्यांचं पाकीट नको. बायबल असलंच पाहिजे असं नाही.

> चेक: मोबाईल सायलेंटवर नाही, बंदच करायची तयारी आहे का? एखाद्याचा फोन वाजला की सगळ्यांच्या माना वळतात, आणि ते चर्चच्या उंच छताखाली दुप्पट ऐकू येतं.

५. पोचणं आणि जागा घेणं

पंधरा मिनिटं आधी पोचा. उपासना वेळेवर सुरू होते, खरंच वेळेवर. उशीर झालाच तर दारातून थेट पुढे चालत जाऊ नका, कोणी वाचत असेल किंवा प्रार्थना चालू असेल तर मागे थांबा, गाणं सुरू झालं की सरका.

जागा मागून तिसऱ्या चौथ्या बाकावर घ्या. अगदी शेवटचा बाक नको, कारण पुढचे लोक कधी उठतात कधी बसतात ते बघून तुम्हाला करायचंय आणि शेवटच्या बाकावर उशिरा येणाऱ्यांची ये-जा चालू असते. पहिल्या रांगेत तर चुकूनही नको, तिथे समोर बघायला कोणीच नसतं. काही मराठी मंडळ्यांमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, आत शिरताच एक नजर टाका, तसं दिसलं तर तसं बसा. बाकाच्या पायाशी आडवी फळी असते ती गुडघे टेकायची आहे, तिच्यावर बूट ठेवू नका.

कोणी हसून जय ख्रिस्त म्हणेल, कोणी सलाम म्हणेल, फेलोशिपमध्ये प्रेज द लॉर्ड. तुम्ही नमस्कार म्हणा. नवीन आहात का असं विचारलं तर हो म्हणून सांगा, शेजारचा माणूस मग आपणहून पुस्तकातलं पान काढून देतो.

६. उपासना चालू असताना काय काय होतं

एकच नियम: पुढचे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. गुडघे टेकले की तुम्ही टेकलेच पाहिजेत असं नाही, शांत बसून राहा, पण त्या वेळी ताठ उभं राहू नका, मागच्यांना त्रास होतो. जे म्हणायचं नाही ते म्हणू नका, ओठ हलवत बसायचीही गरज नाही.

*कॅथलिक मिस्सा.* गाणं सुरू होतं, फादर आत येतात, सगळे उभे. क्रुसाची खूण, मग आपल्या चुकांची कबुली सगळे मिळून म्हणतात. नंतर सगळे बसतात आणि बायबलमधली वाचनं सुरू होतात, रविवारी दोन वाचनं, मध्ये स्तोत्र, ती बहुतेक वेळा आपल्यातलीच साधी माणसं पुढे जाऊन वाचतात. मग पुन्हा सगळे उभे, कारण शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यातला उतारा, फादर किंवा डीकन, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीचे सेवक, वाचतात. मग बसून प्रवचन, दहा पंधरा मिनिटं. हे नीट ऐका, त्या दिवशीच्या उताऱ्यावरच असतं आणि नवीन माणसाला सगळ्यात जास्त समजणारा भाग हाच. त्यानंतर उभं राहून विश्वासाची कबुली, लोकांसाठी प्रार्थना. मग बसायचं, दान गोळा होतं, भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेतात. इथून पुढचा भाग मिस्साचं हृदय आहे, लोक गुडघ्यावर येतात, एकदम शांतता होते, मध्येच छोटी घंटा वाजू शकते. या पाच दहा मिनिटांत उठू नका, बोलू नका, मूल रडलं तर हळूच बाहेर घेऊन जा. मग उभं राहून हे आमच्या स्वर्गातील पित्या ही प्रार्थना, आणि तिच्यानंतर सगळे एकमेकांकडे वळून हात जोडून नमस्कार करतात. शांतीची देवाणघेवाण आहे ती. तुम्हीही नमस्कार करा, आजूबाजूच्या चार जणांना, उठून फिरत फिरत नको. पहिल्यांदा आलेल्यांना मला वाटतं हीच गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहते.

त्यानंतर लगेच कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर लोकांना देण्याचा विधी, त्यावर पुढे वेगळी पायरी लिहिली आहे. शेवटी सूचना, आशीर्वाद, गाणं.

*सीएनआय आणि तत्सम.* इथे गीतांच्या पुस्तकाचा नंबर सांगतात, मराठी मंडळ्यांमध्ये उपासना संगीत हे पुस्तक वापरतात. त्यातली कितीतरी पदं भजन अभंगाच्या चालीवर आहेत, तुम्हाला चाल लगेच सापडेल, खुशाल गा. शास्त्रवाचन जाहीर करताना आधी पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग वचन सांगतात, उदाहरणार्थ लूक अध्याय १५ वचन ११ पासून. हातात बायबल असेल आणि सापडत नसेल तर एक युक्ती: बायबल बरोबर मध्यात उघडलं की बहुतेक स्तोत्रसंहिता निघते, त्याच्या पुढे जात राहा, नवा करार सुरू झाला की पहिलीच चार पुस्तकं मत्तय, मार्क, लूक, योहान. सापडलं नाही तर नुसतं ऐका. उपदेश अर्धा तास किंवा जास्तही चालतो. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, उभं राहून म्हणतात, दान जमा होतं, आशीर्वादाने शेवट. प्रभूभोजन, म्हणजे इथलं कम्युनियन, दर रविवारी असेलच असं नाही, बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं.

*फेलोशिप.* गाणी सलग अर्धा पाऊण तास, शब्द पडद्यावर दिसतात, मग साक्ष म्हणजे कोणीतरी उठून आपल्या आयुष्यात काय झालं ते सांगतो, मग लांब संदेश, मग प्रार्थना. इथे नवीन आलेल्यांनी उभं राहून नाव सांगा असं म्हणण्याची पद्धत असते. नसेल सांगायचं तर बसून राहा, हात जोडून मान हलवली तरी चालतं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू का असं विचारलं तर हो किंवा नको, दोन्ही उत्तरं योग्य आहेत. फॉर्मवर फोन नंबर लिहिणं तुमच्या मर्जीवर.

> दानाबद्दल: थैली किंवा ताट बाकाबाकातून फिरतं. ठरलेली रक्कम नाही. द्यायचं तर दहा वीस पन्नास काहीही, नाही द्यायचं तर थैली शेजाऱ्याकडे सरकवा. त्यातून सुटे परत घेऊ नका, आणि कोण किती टाकतो तेही बघू नका.

७. कम्युनियन: इथे थांबायचं

सगळ्या लेखात एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही.

आपल्याकडे समोर आलेला प्रसाद नाकारणं म्हणजे अपमान, त्यामुळे लोक रांगेत पुढे जातायत आणि फादर सगळ्यांच्या हातावर काहीतरी पांढरं गोल ठेवतायत हे बघितलं की आपले पाय आपोआप उचलतात. नका जाऊ. तो प्रसाद नाही. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, खूण किंवा प्रतीक म्हणून नाही, प्रत्यक्ष. ती घ्यायला बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, झालेला असावा लागतो, पहिलं कम्युनियन झालेलं असावं लागतं, आधी एक तास काही खाल्लेलं नसावं लागतं, मोठं पाप मनावर असेल तर आधी फादरांपुढे पापनिवेदन करावं लागतं. आमच्यातले कितीतरी कॅथलिक लोकही त्या दिवशी तयारी नसेल तर बाकावरच बसून राहतात, दुसऱ्या पंथाचे ख्रिस्तीही सहसा जात नाहीत. त्यामुळे तुम्ही बसून राहिलात तर कोणीही वळून बघणार नाही.

करायचं काय? रांग तुमच्या बाकाशी आली की पाय आत घ्या किंवा उभं राहून शेजारच्यांना वाट करून द्या आणि परत बसा. एवढंच. काही ठिकाणी छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेलं तर फादर नुसता आशीर्वाद देतात, पण सगळीकडे ही पद्धत नाही, त्यामुळे आधी विचारल्याशिवाय जाऊ नका.

सगळ्यात गंभीर चूक म्हणजे ती भाकर हातात घेऊन घरच्यांसाठी म्हणून रुमालात किंवा खिशात ठेवणं. आजीसाठी नेतोय, आजारी मुलासाठी नेतोय, भावना चांगलीच असते. पण कॅथलिक माणसासाठी याच्याइतकी मोठी विटंबना दुसरी नाही, आणि तुम्हाला दारात थांबवून परत मागितली जाईल, ते तुम्हालाही लागेल. चुकून हातात आलीच तर खाऊ नका, खिशात टाकू नका, तिथल्या तिथे फादरना किंवा वाटणाऱ्या माणसाला परत द्या आणि सांगा की मी ख्रिस्ती नाही. ते घेतील, रागावणार नाहीत. घरच्या आजारी माणसासाठी काही हवं असेल तर मिस्सानंतर फादरना भेटा, नाव सांगा, ते प्रार्थना करतील.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रभूभोजन असेल तर भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा प्याला असतो, काही ठिकाणी लोक पुढे जातात, काही ठिकाणी ताट बाकावर येतं. ताट आलं तर न घेता पुढे द्या. कोण घेऊ शकतं ते पाळक बहुतेक आधी जाहीर करतात, ते ऐका.

> चेक: सोबतच्या मुलांना हे घरूनच सांगितलंय का? मोठी माणसं बसून राहतात आणि दहा वर्षांचा मुलगा मित्रांच्या मागे रांगेत निघून जातो, हे फार होतं.

८. फोटो

उपासना चालू असताना अजिबात नाही. लोक प्रार्थना करताना त्यांचे चेहरे तुमच्या रीलमध्ये जाणं त्यांना आवडत नाही, आणि हे बोलून दाखवायला ते संकोचतात. इमारतीचा, रंगीत काचांचा, नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचा फोटो हवा असेल तर संपल्यावर ऑफिसात किंवा दारातल्या स्वयंसेवकाला विचारा. वेदीकडे पाठ करून सेल्फी नको.

९. संपल्यावर

आशीर्वाद झाला की लगेच धावू नका, शेवटचं गाणं होऊ द्या. फादर किंवा पाळकसाहेब बहुतेक दाराशी येऊन उभे राहतात, लोक भेटतात. पाया पडायची गरज नाही, नमस्कार करा, नाव सांगा. शंका विचारायच्या असतील तर तिथे रांग अडवून नको, ऑफिसची वेळ विचारून घ्या आणि आठवड्यात या, निवांत बोलतात. नन दिसल्या तर त्यांना सिस्टर म्हणायचं. काही मंडळ्यांत चहा असतो. थांबा, प्या.

आता जो प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात तो. एकदा गेलो तर धर्म बदलायला लावतील का? उपासनेला बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाने स्वतः बाप्तिस्मा मागितला तरी आधी बरेच महिने शिकवण असते, लगेच देत नाहीत. नाशिकमध्ये वर्षानुवर्षं बाळ येशूला येणारी हिंदू कुटुंबं आहेत, ती येतात, मेणबत्ती लावतात, घरी जातात.

मात्र कुठेही, कोणत्याही नावाखाली, औषधं बंद करा म्हणजे विश्वास दिसेल असं कोणी सांगितलं, किंवा प्रार्थनेसाठी ठरावीक रक्कम मागितली, तर तिथून उठा आणि परत जाऊ नका. मधुमेहाची, बीपीची, फिटची गोळी प्रार्थनेसाठी थांबवायची नसते.

१०. रविवार नाही, लग्न किंवा अंत्यविधी असेल तर

बऱ्याच नाशिककरांचा चर्चमध्ये पहिला प्रवेश ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या लग्नामुळेच होतो. पत्रिकेवर जी वेळ आहे ती विधीची वेळ आहे, तासभर उशिरा गेलात तर लग्न लागलेलं असेल. नवरी आत येते तेव्हा सगळे उभे राहतात. आत अक्षता टाकायच्या नाहीत, आहेर आत द्यायचा नाही, तो रिसेप्शनला. वचनं चालू असताना पुढे जाऊन फोटो काढू नका, फोटोग्राफर आहे. कॅथलिक लग्नात मिस्सा असेल तर कम्युनियनचा वरचा नियम इथेही तसाच लागू.

अंत्यविधीला पांढरे किंवा काळे, गडद साधे कपडे. आधी घरी प्रार्थना, मग चर्च, मग दफनभूमी असा क्रम असतो, तुम्हाला जिथून जमेल तिथून या. पेटी उघडी असेल तर जवळ जाऊन हात जोडा, फूल ठेवायचं तर ठेवा. दफनभूमीत शेवटी प्रत्येक जण मूठभर माती टाकतो, तुम्हीही टाकू शकता, परक्याने टाकू नये असं काही नाही. घरच्यांना लांबलचक काही बोलायची गरज नसते, हात हातात घ्या. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर प्रार्थना ठेवलेली असते, त्याची वेळ तिथेच जाहीर करतात, ती ऐकून ठेवा, कारण दफनाच्या दिवशी गर्दीत तुम्ही दिसत नाही पण त्या प्रार्थनेला घरी आलेलं माणूस त्या कुटुंबाला बरोबर आठवतं.